उड्या मारायचं विणकाम: तोशिको होरिउची मॅकॲडम

अबोली_निशिकासाई

नमस्कार मंडळी,

हा धागा भटकंतीत काढावा की हस्तकलेत, यावर दोन दिवस घातले. शेवटी इथेच काढतेय, कारण हातात सुई धरणारी माणसं इथे आहेत आणि मला त्यांच्याशीच बोलायचंय.

गेल्या महिन्यात आई इचलकरंजीहून आमच्याकडे तोक्योला आली होती. देवळं, बाजार, बागा बघून झाल्यावर तिला आणि लेकीला (वय साडेपाच) घेऊन हाकोनेला गेले. शिंजुकूहून ओदाक्यू रेल्वेची रोमान्सकार ही गाडी, मग हाकोने-युमोतोहून डोंगर चढणारी छोटी गाडी. ही गाडी चढणीत तीन ठिकाणी थांबून उलट्या दिशेने निघते. आपल्या बोरघाटातही एके काळी असं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, त्यामुळे आईची कळी तिथेच खुलली. संग्रहालयाचं स्टेशन त्याच्याच नावाचं: चोकोकु-नो-मोरी, म्हणजे शिल्पांचं रान.

हे खुल्या आकाशाखालचं शिल्पसंग्रहालय १९६९ सालचं. हिरवळीवर हेन्री मूरची शिल्पं, पिकासोसाठी वेगळं दालन, दमलेल्या पायांसाठी गरम झऱ्याच्या पाण्याचा हौद. हे सगळं चांगलंच आहे, पण ते कुठल्याही प्रवासवर्णनात सापडेल. मला लिहायचंय ते एका लाकडी घुमटाबद्दल, आणि त्याहून जास्त त्याच्या आत टांगलेल्या जाळीबद्दल.

जाडजूड तुळया एकावर एक तिरप्या रचत नेल्यात, मधून आभाळ दिसतं. आत गेलं की डोक्यावर रंगांचं आभाळ. लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. मोठमोठे झोळे, त्यांना भोकं, भोकांतून बाहेर आलेले हात-पाय, खाली लोंबणारे विणलेले गोळे आणि त्यांना लटकलेली मुलं. माझी लेक पायातले बूट काढून कधी वर गेली ते कळलंही नाही. वर फक्त मुलांना सोडतात, प्राथमिक शाळेच्या वयापर्यंतच. मोठ्यांनी खाली बसायचं.

आई बसली नाही. खाली आलेल्या एका झोळ्याच्या कडेपाशी गेली, चष्मा वर केला आणि बोटाने टाके चाचपायला लागली. मला वाटलं, काय झालं. तर म्हणाली, "अगं, हे क्रोशाचं आहे की! मशीनचं नव्हे. कुणीतरी हातानं केलंय हे सगळं."

खरंच हाताने केलंय. करणारीचं नाव तोशिको होरिउची मॅकॲडम. जन्म १९४०, जपान. तोक्योच्या तामा कला संस्थेत शिकली, मग अमेरिकेत मिशिगनच्या क्रॅनब्रुक अकादमीतून १९६६ साली पदव्युत्तर पदवी घेतली. न्यूयॉर्कला बोरिस क्रोल या नावाजलेल्या कापड कंपनीत डिझाइनचं काम केलं, नंतर शिकवलं. सुरुवातीला ती गॅलरीत टांगायची मोठी तंतुशिल्पं करायची. गंभीर, बघण्याची कामं.

मग एकदा तिचं 'मल्टिपल हॅमॉक नंबर १' हे काम प्रदर्शनात टांगलेलं असताना दोन मुलं आत आली आणि विचारलं, यात चढू का? तिने चढू दिलं. जीव मुठीत धरून बघत होती, आता फाटतंय की काय. मुलं आत शिरली, सगळं काम हलायला लागलं, ताणलं, झोल खाल्ला, परत उसळलं. तिला ते काम तोवर असं कधी दिसलंच नव्हतं.

त्यानंतर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं ती सुट्टीच्या दिवशी तोक्योच्या बागा आणि खेळाची मैदानं बघत हिंडली. लहान घरांत वाढणारी मुलं, टीव्ही, डांबरावर उभे केलेले लोखंडी झोके. तिने ठरवलं की आपण मुलांसाठी विणायचं. १९७९ साली ओकिनावाच्या राष्ट्रीय उद्यानात मोठी जाळी झाली, सोबत निसर्गरचनाकार फुमिआकी ताकानो. १९८१ साली हाकोनेला. २००० साली साप्पोरोजवळच्या ताकिनो सुझुरान उद्यानात इंद्रधनुष्याची जाळी. आणि २००९ साली हाकोनेत तेझुका आर्किटेक्ट्सनी आत्ता आहे तो लाकडी घुमट उभा केला.

आपल्या घरी क्रोशाचं काम कसं असायचं ते आठवा. टीव्हीवरचा रुमाल, दाराचं तोरण, पाण्याच्या तांब्यावरचं मण्यांचं झाकण, आणि रुखवतात मांडलेला तो पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, जो लग्नानंतर कपाटातून क्वचितच बाहेर यायचा. "हात लावू नका, मळेल." आईने आयुष्यभर असं विणलं. आणि इथे तिच्याच टाक्यावर तीस-चाळीस पोरं एकदम उड्या मारत होती.

घुमटाच्या लाकडावर बसून ती शेवटी एवढंच म्हणाली, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही, हे एवढं वजन घेतं म्हणून."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुमच्यापैकी कुणी हे काम पाहिलंय का?

---

सुईदोरा

अबोली, शेवटचं वाक्य वाचून थांबले. माझ्या सासूबाईंनी असाच एक टेबलक्लॉथ केलाय, पन्नास वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

टाका कोणता होता गं? खांब (उंच टाका) की मुका खांब (आखूड टाका)? आणि दोरा केवढा जाड?

अबोली_निशिकासाई

@सुईदोरा, आईच्या म्हणण्याप्रमाणे खांब आणि साखळी, दोन्हींचा खेळ आहे. जिथे पोरांनी बसायचं, लोळायचं तिथे वीण घट्ट. जिथून आरपार दिसायला हवं, हात घालून चढायला हवं, तिथे साखळ्या वाढवून मोठी घरं. नवीन असं काही नाही, आपण फुलाच्या रुमालात करतो तेच. दोरा मात्र दोरीच म्हणावी असा, गुंफलेला. आधी ती व्हिनायलॉन वापरायची. हा धागा जपानमध्येच १९३९ साली शोधला गेला. पुढे नायलॉन आला, तो हलका आणि ताकदीचा. रंगही स्वतः देते. रंगवायचं, सुकवायचं, मग विणायचं.

भिंगरी

फोटो दिसत नाहीयेत. पुन्हा चढवशील का?

लेख आवडला, पण एक शंका. ही कला म्हणायची की खेळाचं साहित्य? आमच्या सोसायटीच्या बागेतही दोरीची जाळी आहे. ती बनवणाऱ्याला कुणी कलाकार म्हणत नाही.

रानवारा

@भिंगरी, प्रश्न रास्त आहे. माझं मत सांगतो. सोसायटीची जाळी शंभर सोसायट्यांत तीच असते. एकच वाट, वर चढायचं, पलीकडे उतरायचं. इथे फोटोंवरून दिसतं की (मला दिसताहेत, पान पुन्हा उघडून बघा) वाट ठरलेलीच नाही. मूल स्वतः ठरवतं. हे घडवून आणण्यासाठी आकाराचा जो विचार लागतो तोच शिल्पकार करतो.

अबोली_निशिकासाई

फोटो पुन्हा चढवलेत. लेकीचे आणि इतर मुलांचे चेहरे झाकलेत, तेवढं समजून घ्या.

@भिंगरी, मी हे फार ठामपणे म्हणेन: ही कला आहे, आणि ती मूल आत गेल्यावर पूर्ण होते. सकाळी संग्रहालय उघडल्या उघडल्या आम्ही पोचलो तेव्हा जाळी रिकामी होती. सुंदर होती, पण लोंबत होती. पहिलं मूल चढलं आणि दुसऱ्या टोकाचा गोळा आपोआप हलला. मग दुसरं मूल. एकजण उडी मारतो, पलीकडची मुलगी वर उचलली जाते, ती हसते, दोघं एकमेकांना ओळखतही नसतात. माझ्या लेकीने अर्ध्या तासात तिघींशी मैत्री केली, कारण तिघी एकाच झोळ्यात घरंगळत येत होत्या. हे काम कुणा एकट्याला वापरताच येत नाही. ते तिने विणूनच ठेवलंय.

रोमच्या माक्रो या समकालीन कलेच्या संग्रहालयात २०१३ साली तिचं 'हार्मोनिक मोशन' हे काम लागलं, तेव्हाही ते मुलांसाठी खुलंच होतं. संग्रहालयात आणि बागेत ती वेगवेगळी वागत नाही.

काटकोन

पेशाने स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, म्हणून राहवलं नाही.

काकूंचं "हे एवढं वजन घेतं" हे वाक्य माझ्या क्षेत्राचंच आहे. दोरी ओढली तर ताकदीची, ढकलली तर निकामी. म्हणजे जाळीत जे काही आहे ते सगळं ताणातच असायला हवं. कागदावर असा आकार काढणं अवघड, पण टांगून ठेवला की तो स्वतःच सापडतो. स्पेनच्या वास्तुविशारद गौदीने साखळ्या आणि वजनाच्या पिशव्या टांगून कोलोनिया ग्वेलच्या चर्चचा आकार शोधला, तो याच मार्गाने. तोशिकोबाई आधी बारीक दोऱ्यात क्रोशाचीच छोटी प्रतिकृती करतात. ती प्रतिकृती म्हणजे शोभेची बाहुली नव्हे, ते गणितच आहे. साप्पोरो आणि हाकोने दोन्हीकडे इंजिनियर होते नोरिहिदे इमागावा. त्यांनी भार कुठे जातो ते पाहिलं, पण आकार विणणारीच्या हातातून आला.

आता क्रोशाचं वैशिष्ट्य. प्रत्येक टाका शेजारच्या टाक्यात अडकवलेला लूप असतो. मूल आदळलं की तो लूप थोडा ओढला जातो, शेजारचा त्याला थोडा दोरा देतो, त्याच्या शेजारचाही. धक्का एका जागी न राहता पसरतो. म्हणून लागत नाही आणि म्हणूनच पलीकडची मुलगी वर उचलली जाते. अबोली यांनी जे पाहिलं त्याचं कारण हे.

घुमटाबद्दलही सांगतो. ५८९ लाकडी तुकडे, जोडणीत धातू नाही. आपल्या वाड्यांच्या कुसू-खाचेची आठवण व्हावी असं काम आहे. तेझुका दांपत्याची कल्पना शेकोटीची होती: मधे जाळ म्हणजे मुलं, भोवती आईबाप, त्याहून लांब आजी-आजोबा.

मोरपिसारा

"मधे जाळ म्हणजे मुलं" आणि वर लाल-केशरी जाळी! वा काटकोन.

दर्यासारंग

आम्ही वसईकडचे कोळी. धागा वाचून आजोबांची आठवण आली म्हणून लिहितो, विषयाला सोडून वाटलं तर सांगा.

आमच्या ओट्यावर जाळं विणायचं काम वर्षभर चालायचं. आजोबांच्या तरुणपणी सुताचं जाळं, मग नायलॉन आला. चपट्या सुईत दोरा भरायचा, एक पट्टी धरायची म्हणजे घर सारखं येतं, आणि प्रत्येक घराला गाठ. काटकोन म्हणतात तो फरक मला लगेच कळला. आमच्या जाळ्यात गाठ सरकली तर काम फुकट, कारण घर मोठं झालं की मासा गेला. घर हललं नाही पाहिजे. इथे उलट, सरकलंच पाहिजे, कारण पकडायचं नाहीये, झेलायचंय. दोन्ही नायलॉनच, दोन्ही हातानेच.

आणि पोरांचं म्हणाल तर, वाळत घातलेल्या जाळ्यांच्या ढिगाऱ्यात लोळल्याबद्दल आम्ही सगळ्यांनी मार खाल्लाय.

अबोली_निशिकासाई

@दर्यासारंग, विषयाला सोडून कसलं, हा प्रतिसाद मी आईला फोनवर वाचून दाखवला. "पकडायचं नाही, झेलायचंय" हे तिने दोनदा म्हणायला लावलं.

उत्तरध्रुव

हॅलिफॅक्स, कॅनडाहून लिहितेय. तोशिको आमच्या नोव्हा स्कोशियातली रहिवासी झाली हे कुणीच कसं लिहिलं नाही? हॅलिफॅक्सच्या कला आणि डिझाइन विद्यापीठात, नस्काडमध्ये, तिने शिकवलंय. १९९० मध्ये तिने आणि तिचा नवरा चार्ल्स मॅकॲडमने इंटरप्ले नावाची कंपनी काढली. याच प्रांतात ब्रिजटाउन नावाचं नदीकाठचं लहान गाव आहे, कामं तिथून होतात. जपानच्या बागांमधल्या मुलांसाठीच्या जाळ्या अटलांटिकच्या बाजूला विणल्या जातात, हे मला फार लोभस वाटतं.

इथला हिवाळा लांब, आणि बायकांच्या हातात सुई असणं ही जुनी रीत. केप ब्रेटनमधल्या शेतिकां गावाचे आकड्याने ओढून केलेले गालिचे प्रसिद्ध आहेत. मला वाटतं, तोशिकोला इथे परकं वाटलं नसावं.

रानवारा

खेळकर जपानी कामाचा विषय निघालाच आहे तर ताकाहिरो इवासाकी हे नावही नोंदवतो. १९७५ चा, हिरोशिमाचा. त्याची 'आउट ऑफ डिसऑर्डर' ही मालिका पाहा. साधे टॉवेल, चादरी चुरगाळून डोंगर करतो आणि त्याच कापडातून एकेक धागा उपसून विजेचे मनोरे, क्रेन, आकाशपाळणे उभे करतो. बोटाच्या पेराएवढे! २०१७ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात जपानच्या दालनाच्या जमिनीलाच भोक होतं. खालून डोकं घातलं की तुम्ही त्याच्या गावाच्या मधोमध उगवता.

तोशिकोकडे मूल जाळीत शिरतं, इथे मोठा माणूस गुडघे वाकवून खालून डोकं वर काढतो.

सुईदोरा

बापरे, टॉवेलच्या धाग्याचा मनोरा! हे शोधून बघितलं, अर्धा तास गेला. पण मला अजूनही तोशिकोच जवळची वाटते. इवासाकीच्या कामापुढे श्वास रोखून उभं राहावं लागतं. हिच्याकडे श्वास सोडता येतो.

बालवाडीताई

नाशिकजवळ बालवाडी चालवते. बावीस मुलं, एक खोली, एक पडवी. धागा वाचल्यापासून झोप नाही. आमच्या पालक-आयांपैकी पाच-सहाजणींना क्रोशा येतो. असं काही लहानसं आम्ही करू शकू का? लोकर बरीच पडून आहे.

काटकोन

@बालवाडीताई, कृपया लोकरीचं टांगून मुलांना चढवू नका. लोकर ताणते, उन्हाने कुजते आणि तुटताना आधी सांगत नाही. नायलॉनलाही ऊन बाधतं. तोशिकोबाईंच्या जाळ्यांमागे भाराचा हिशोब असतो, देखभाल असते, झिजलेलं बदललं जातं. हाकोनेत आत्ता आहे ते कामही नव्याने केलेलं, 'निटेड वंडर स्पेस २'. पडवीच्या वाशाचा तर भरवसा मी न बघता देणार नाही.

सुईदोरा

@बालवाडीताई, निराश होऊ नकोस. टांगायचं नाही, जमिनीवर करू. जाड सुती दोरीचा मोठा गोल विण, मधे मधे मूल मावेल एवढी भोकं ठेव. चारी बाजूंनी चार आया धरतील आणि हलवतील, वर चेंडू टाकायचा. एकाने ओढलं की दुसऱ्याला कळतं, तो खेळ जमिनीवरही होतो. मी नमुना लिहून देते: सहा साखळ्यांचा गोल, त्यात बारा खांब, पुढच्या ओळीपासून दर दोन खांबांत एक वाढव. चौथ्या ओळीनंतर साखळ्यांची मोठी घरं.

बालवाडीताई

हे जमेल! दोरीचा खर्च मी बघते. कडेला घुंगरू लावले तर चालतील का?

सुईदोरा

चालतील की. फक्त घट्ट शिव, पोरं तोंडात घालतात.

भिंगरी

माझ्या आधीच्या प्रश्नाबद्दल: फोटो पाहिले, काटकोन आणि दर्यासारंग यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. मत बदललं. एकच खटकतं, क्रोशा करणाऱ्या आपल्या बायकांना हे कौतुक मिळायला तो हाकोनेला टांगावा लागला.

अबोली_निशिकासाई

@भिंगरी, मलाही खटकतं. आईच्या माहेरी आजीच्या हातचं एक तोरण आहे, त्यात राजहंसांची ओळ आहे. चौदा हंस, प्रत्येकाची मान वेगळी वळलेली. नमुना कुठून घेतला विचारलं तर आजी म्हणायची, मनातून. त्याखाली तिचं नाव कधी लिहिलं गेलं नाही. हाकोनेच्या जाळीला नाव आहे, साल आहे, पाटी आहे. मी लेकीला ती पाटी वाचून दाखवली आणि मग पणजीच्या हंसांबद्दल सांगितलं. तिला हंस बघायचेत. दिवाळीत जाणार आहोत.

अबोली_निशिकासाई

धागा वर काढतेय, कारण इचलकरंजीहून बातमी आहे.

आईने बाजारातून गुंफलेली नायलॉन दोरी आणली, सुताराकडून अंगठ्याएवढी जाड लाकडी सुई करून घेतली आणि झोळा विणायला घेतला. बारीक दोऱ्याची वीतभर प्रतिकृती आधी केली, त्यात सुपाऱ्या घालून टांगून बघितली. हे तिने @काटकोन यांच्या प्रतिसादावरून केलं, मला न विचारता.

काल व्हिडिओ कॉलवर दाखवला. अंगणातल्या दोन लोखंडी खांबांना बांधलाय, जमिनीपासून फूटभरच उंच, खाली गादी. शेजारची दोन पोरं कुंपणावर बसून वाट बघताहेत. आईने त्यांना सोडलं नाही. आधी पन्नास किलोचं ज्वारीचं पोतं आणवलं, बाबांकडून झोळ्यात टाकवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी उठून एकेक टाका चाचपला. कडेच्या तिसऱ्या ओळीत दोन खांब ओढले गेले होते, म्हणून तेवढी कड उसवली आणि दुहेरी दोरीने पुन्हा विणायला बसलीय.

@काटकोन, तिने विचारलंय: पोतं एका रात्रीऐवजी तीन दिवस ठेवू का?